निक्सचा हॅश नेमका कशाचा?

पीएचडीचे प्रबंध बहुतेक वेळा कपाटात जाऊन बसतात. उत्रेख्त विद्यापीठातल्या एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या प्रबंधाचं तसं झालं नाही. त्यातल्या विचारावर निक्सओएस ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उभी आहे.

मूळ तक्रार अगदी खरी. डेबियनसारख्या लिनक्समध्ये लायब्ररी सगळ्यांत सामायिक असतात, गावच्या विहिरीसारख्या. एकासाठी अपग्रेड केली की सगळ्यांचंच पाणी बदलतं. मग मागच्या वर्षीचं सिम्युलेशन यंदा चालत नाही, किंवा चालतं आणि आकडे जरासे वेगळे देतं (हे जास्त वाईट!). निक्समध्ये प्रत्येक पॅकेजचं स्वतःचं फोल्डर असतं आणि त्याच्या नावातच एक हॅश असतो. तो सोर्स कोड, कंपायलर, लागणारी इतर पॅकेजेस आणि बिल्डच्या सूचना या सगळ्यांवरून काढलेला. यातलं काहीही बदललं की नवा हॅश, नवं फोल्डर. जुन्याला धक्का लागत नाही.

पण इथेच लोकांची गल्लत होते. हा हॅश सहसा साहित्याचा असतो, तयार पदार्थाचा नाही. बिल्ड होताना फाइलमध्ये घड्याळातली वेळ शिरली, तर हॅश तोच राहूनही बिट्स बदलू शकतात. ‘निक्स वापरलंय, म्हणजे रिप्रोड्युसिबल’ असं पेपरात ठोकून देणं म्हणूनच मला खटकतं. गंमत म्हणजे तयार फाइल बिट-न्-बिट जुळावी यासाठी २०१३ पासून चिवटपणे झटले ते डेबियनवाले!

दुसरी किंमत सुरक्षेची. ओपनएसएसएलमध्ये भोक सापडलं तर डेबियनमध्ये सहसा ती एक लायब्ररी बदलली की भागतं. निक्समध्ये तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बिल्ड करावं लागतं. (निक्सचंच भावंड असलेल्या गिक्सने यावर चक्क ‘कलम’ करण्याची सोय काढली आहे.)

शिवाय उपकरणासोबत आलेलं बंद सॉफ्टवेअर निक्सओएसवर बरेचदा सुरूच होत नाही. ते ज्या ठरलेल्या जागी लिंकर शोधतं, तिथे तो नसतोच. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण प्रयोगशाळेत सोमवारी सकाळी मोजमाप घ्यायचं असतं त्याचं काय?

म्हणून माझं मत: निक्सओएसच्या वाटेला जाऊ नका, निक्स मात्र जरूर घ्या. ते साध्या उबुंटूवरही बसतं. फक्त ज्या कोडवरून पेपरातल्या आकृत्या निघतात तेवढा त्यात ठेवा, आणि लॉक फाइल पेपरसोबतच द्या.