स्वमग्न तरुणांचे स्वावलंबन आणि संवादसाधनांची मराठी

१९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला २१ प्रकारांत स्थान दिले आणि ‘संवाद’ या संज्ञेत पर्यायी व पूरक साधनांचाही अंतर्भाव केला. त्यामुळे अशी साधने हा दयेचा नव्हे, तर हक्काचा विषय ठरतो. हा हक्क कोणत्या मराठीत बजावला जातो, याचा विचार मात्र मराठीच्या अभ्यासकांनी फारसा केलेला दिसत नाही.

या दृष्टीने मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य साधन लक्षणीय आहे. चित्राला बोट लावताच मोबाइल वा टॅबलेट त्याचे वाक्य उच्चारतो. आवड-नावड, होकार-नकार, अधिक-कमी अशा सहा कळांनी त्याच चित्राचा भाव बदलतो. केवळ वस्तूचे नाव न घेता वृत्ती व्यक्त करता येणे, हे या रचनेचे मोठे यश होय. ते मराठीतही उपलब्ध आहे.

तथापि बालकाची गरज आणि तरुणाची गरज यांत अंतर आहे. बालक मागते, तरुणाला विचारायचे, नाकारायचे, कारण द्यायचे आणि थट्टाही करायची असते. येथे मराठीची घडण आड येते. ‘मला पाणी हवे’ या वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग दिसत नाही. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत ते उघड होते. इंग्रजी वाक्याला ही अडचण नाही. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतील निवड चुकली, तर विनंतीही उद्धट ठरते. शिवाय नागपूरच्या ज्या घरात ‘मले भूक लागली’, ‘मी जाऊन राहिलो’ अशी बोली आहे, तेथे यंत्राची प्रमाणभाषा परकी वाटणे स्वाभाविक आहे.

सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर तिकीट मागणाऱ्या स्वमग्न तरुणाची कल्पना करावी. खिडकीवरचा कर्मचारी प्रश्न विचारतो तो सोबतच्या वडिलांना. अशा वेळी ‘मला तिकीट हवे’ हे वाक्य अपुरे पडते. ‘भाऊ, मला विचारा’ हे वाक्य हाताशी असावे लागते. स्वावलंबनाचा खरा आरंभ या दुसऱ्या वाक्यापासून होतो. मागणीची वाक्ये शंभर आणि संबोधनाचे एकही नाही, असे साधन सोय करते, परंतु सहभाग देत नाही.

यासाठी संगणकतज्ज्ञांइतकीच भाषेच्या जाणकारांची आवश्यकता आहे. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी स्वमग्न तरुण व त्यांच्या कुटुंबीयांसमवेत बसून वऱ्हाडी-नागपुरी वाक्यांचा संग्रह करावा. त्यात कोणती वाक्ये असावीत, हे ठरविण्याचा पहिला अधिकार मात्र त्या तरुणांचाच असला पाहिजे.