बत्तीस वर्षांचा माणूस, चोवीस कप्पे

एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाचा तीव्र शोकावरचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी अभ्यासलेली माणसं १०१. त्यांत बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ नाइटक्लबच्या आगीतून वाचलेले होते, आणि त्या आगीत ज्यांचं कुणी गेलं तेही होते. २८ नोव्हेंबर १९४२च्या त्या रात्री ४९२ माणसं दगावली. फिरता दरवाजा रेटारेटीत अडकला, काही दारांना कुलपं होती. निबंधात हा थरार शोधू नये. लिंडेमान थेट देहापाशी जातात: शोक लाटांनी येतो, एकेक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते, घसा आवळतो, उसासे येतात, पोटात पोकळी पडते. निरीक्षण इतकं नेमकं असलं की गद्याला करुणेची विशेषणं लागत नाहीत.

पण मी या निबंधाकडे वळतो तो एका परिच्छेदासाठी. बत्तीस वर्षांचा एक तरुण. भाजलेलं किरकोळच. पाचव्या दिवशी त्याला कळतं, बायको गेली. त्यावर तो सुटल्यासारखा दिसतो, आणि शल्यचिकित्सकाला त्याचा संयम विलक्षण वाटतो. त्याला घरी सोडतात. एक जानेवारीला घरचे लोक त्याला परत आणतात तेव्हा त्याला एका जागी बसवत नाही. आपलं आता काही खरं नाही, एवढंच तो म्हणत राहतो. हळूहळू उलगडतं ते असं: तिला ओढून काढायला तो गेला होता, तिथेच शुद्ध हरपली, गर्दीने त्याला बाहेर ढकललं. ती जळाली, तो वाचला. तिला वाचवायला हवं होतं, नाहीतर आपणही मरायला हवं होतं, हा त्याचा हिशेब. परत आल्यावर सहाव्या दिवशी त्याने रुग्णालयातच जीव दिला.

या परिच्छेदाचं कसब त्याच्या क्रमात आहे. संयमाची प्रशंसा आधी येते, शेवट नंतर. आणि मधे लेखक शल्यचिकित्सकाला एका शब्दानेही टोकत नाही. वाचणाऱ्यालाच मागे जाऊन तो ‘संयम’ पुन्हा वाचावा लागतो. जो आरडाओरडा करत नाही तो बरा, हा वॉर्डातला सगळ्यांत सोयीचा समज इथे मोडतो.

भाजलेल्या कातडीचं माप घेणं त्या मानाने सोपं. १९५१ साली वॉलेस यांनी मांडलेला नऊचा नियम आजही वॉर्डात चालतो: डोकं-मान ९ टक्के, एकेक हात ९, एकेक पाय १८, धडाची पुढची बाजू १८, पाठ १८, उरलेला एक जननेंद्रियांचा. शिरेतून किती द्रव द्यायचा ते यावरून ठरतं. मन किती होरपळलं ते मात्र यावरून ठरत नाही. नंतरच्या अभ्यासांत टक्केवारी आणि मानसिक त्रास यांचं नातं वारंवार कच्चंच निघालं आहे. हा तरुण तर या तक्त्यात जवळजवळ दिसलाच नसता.

मग मोजायचं काय? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास उत्तर दिलं: घटना आणि यातना यांच्यामध्ये माणसाचा समज उभा असतो, तो तपासा. (मराठी वाचकाला हा विचार ओळखीचा झाला तो कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे.) पण समज मोजायच्या सुरुवातीच्या प्रश्नावल्यांत एक खोट होती. १९६८च्या जोन्स यांच्या चाचणीत समजाच्या वाक्यांत काळजी, अस्वस्थता अशा भावनाच मिसळल्या होत्या. असं माप त्रासाशी जुळणारच. ज्याच्याशी ताडून पाहायचं तेच आधी आत कालवलेलं.

डिज्युसेप आणि सहकाऱ्यांची १९८८ची प्रश्नावली मला देखणी वाटते ती म्हणूनच. तिने भावना निपटून काढल्या आणि फक्त विचार ठेवला. हट्ट, आकाश कोसळल्याचा सूर, सहनच होणार नाही हा निर्वाळा आणि स्वतःला नालायक ठरवणं, या चार चाली. त्या तीन विषयांत पाहायच्या: यश, इतरांची पसंती, सुखसोय. प्रत्येक ठिकाणी अविवेकी वाक्याच्या जोडीला विवेकी वाक्य. चोवीस कप्पे, कप्प्यात तीन वाक्यं, एकूण ७२. ‘लोकांनी माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघताच कामा नये’ आणि ‘बघू नये असं वाटतं, पण बघतील’, भाजलेल्या माणसाचे हे दोन विचार इथे दोन वेगळ्या कप्प्यांत पडतील. एवढं बारीक चाळणारी चाळणी मी दुसरी पाहिली नाही. त्रास मोजायला जोडीला १९८३ची झिगमंड-स्नेथ श्रेणी घ्यावी. तिचे प्रश्न चौदाच, आणि झोप, थकवा, वजन असली शरीराची लक्षणं मुद्दाम गाळलेली. खाजेने रात्र रात्र जागणाऱ्या रुग्णाला नुसत्या जागरणावरून कुणी उदास ठरवू नये, हे भान त्या गाळण्यात आहे.

आता त्या तरुणाचं वाक्य या चोवीस कप्प्यांत ठेवून पाहतो. हट्ट आहे, उघडच. पण विषय कोणता? यश म्हणावं तर ते क्रूर होईल. पसंतीचा इथे संबंध नाही, सुखसोयीचा तर नाहीच. त्याच्या वाक्याचा विषय तिचा जीव आहे. आणि वाक्याचा दुसरा अर्धा, आपणही मरायला हवं होतं, कुठल्याच कप्प्यात शिरत नाही. त्याला ‘अविवेकी’ म्हणायला माझी जीभ अडखळते, पण वाक्याचा ढंग एलिस सांगतात तसाच आहे: दोनच वाटा, तिसरी नाही. लिंडेमान ज्या आठ-दहा मुलाखती, चार-सहा आठवड्यांत पसरलेल्या, सुचवतात, त्या तिसऱ्या वाटेसाठीच आहेत असं मी वाचतो. प्रश्नावली त्यांच्या आधीचं पहिलं पान होऊ शकते. अट इतकीच की तिच्यात वाचल्याच्या अपराधाचा पंचविसावा कप्पा असावा, आणि ती किरकोळ भाजलेल्या, शहाण्यासारख्या वागणाऱ्या रुग्णाच्या हातीही द्यावी, त्याला घरी सोडायच्या आधी.