गाण्यामागचे लेखनिक

महाडहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता सोडून आत वळले की सह्याद्रीच्या पोटात शिवथरची घळ लागते. समर्थ रामदासांनी येथे 'दासबोध' सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. हे स्थान मध्यंतरी विस्मरणात गेले होते. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ते शोधून काढले. आज घळीत समर्थांच्या मूर्तीबरोबर लिहिणाऱ्या कल्याणांचीही मूर्ती आहे. सांगणाऱ्याइतकेच लिहून घेणाऱ्याचेही स्मरण ठेवणारे असे स्थान विरळाच.

एका पावसाळ्यात हे स्थान पाहून आम्ही परतत होतो. वाटेवर चहाच्या टपरीत रेडिओवर शंकर-जयकिशन यांचे एक जुने गाणे लागले होते. गाणे शेकडो वेळा ऐकलेले. परंतु त्या दिवशी आमचे लक्ष लता मंगेशकरांच्या स्वराकडे न जाता त्या स्वराखालून वाहणाऱ्या व्हायोलिनांकडे गेले, आणि मनात प्रश्न उभा राहिला: हे कोणी लिहिले असेल?

वास्तविक हा प्रश्न आम्हांला फार पूर्वी पडायला हवा होता. रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' १९५२ साली सुरू झाली आणि तिने घराघरांत चित्रपटगीत नेले. आमच्या घरी मात्र चित्रपटगीताला ओटीपर्यंतच प्रवेश होता. उपवासकाळात रेडिओ बंद असे, आणि सिनेमाचे गाणे म्हणजे उथळ करमणूक, अशी वडीलधाऱ्यांची समजूत होती. गंमत अशी की, त्या गाण्यांतील वाद्यवृंदाचा मोठा भाग चर्चच्या गायनवृंदातूनच घडला होता.

गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचण्याचे व व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. हेतू उपासनेचा होता. पुढे पोटासाठी मुंबईस आलेल्या या मुलांना ते शिक्षण चित्रपटांत उपयोगी पडले. आपल्याकडील संगीतकार चाल मनात बांधीत व पेटीवर ऐकवीत. परंतु वीस-तीस व्हायोलिने एका श्वासात वाजवायची, तर प्रत्येकासमोर लिहिलेला कागद हवा. तो कागद लिहिणारा तो अरेंजर. तेव्हा गायक व वादक यांचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी होई. एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात एक अख्खे भावविश्व उभे करण्याची ही कारागिरी होती.

तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे छापली जात. कागद लिहिणाऱ्याचे नाव फार तर चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'साहाय्यक' म्हणून येई. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) यांची आहे. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींना चिक चॉकलेट ऊर्फ आंतोनियो झेवियर वाझ यांच्या ट्रंपेटची साथ आहे. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी तर राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा ध्यास घेतला. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला, तेव्हा लता मंगेशकर व मन्ना डे गायला होते. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील एका विनोदी गाण्यात त्यांचे नाव गुंफले. देशभर ते नाव गाजले. ते एका खऱ्या गुरूचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

याचा अर्थ ही गाणी 'आपली' आहेत, असा दावा करणे अन्यायाचे होईल. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, आणि सतार, सारंगी, तबला वाजविणारे हिंदू-मुसलमान कलावंत त्याच दालनात बसलेले. परंतु अरेंजर हा निव्वळ लेखनिकही नव्हता. सेबॅस्टियन यांची वाद्यरचना ऐकताना ध्यानात येते की, मूळ चालीखालून दुसरी एक चाल चालत असते. गायिका थांबते तेथे ती पुढे येते, गायिका उंच जाते तेव्हा ती खाली उतरते. चर्चमध्ये सोप्रानोखाली आल्टो व टेनर ज्या मर्यादेने चालतात, तीच ही मर्यादा. एका रागाची एकपदरी चाल आणि अनेक स्वरांची वीण यांचे असे सख्य सहजसाध्य नसते.

सर्वच जुने सोने असते, असेही आम्ही म्हणणार नाही. साठीच्या दशकातील काही गाण्यांत वाद्यांचा मंडप इतका सजला की आतला शब्द दिसेनासा झाला. केवळ तारुण्याची आठवण म्हणून अशा गाण्यांचे दोष झाकणे ही रसिकता नव्हे. जुन्या गाण्यांवरचे आमचे प्रेम पुन्हा जागे झाले ते आठवणींमुळे नव्हे. पूर्वी न ऐकलेले आता ऐकू आले, म्हणून.

'दासबोधा'त नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणाने होतो. ऐकणे ही आधी करावयाची साधना आहे, हे उपासनेत वाचने ऐकणाऱ्या आपल्यालाही नवे नाही. आपण मात्र ऐकता ऐकता माणसे विसरलो. ऑकलंड विद्यापीठातील ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जे काम आपल्या उंबरठ्यावर होते, त्यासाठी एवढ्या दुरून अभ्यासक यावा लागला.

अजूनही वेळ गेलेली नाही. कित्येक धर्मग्रामांत गायनवृंदाची जुनी हस्तलिखिते कपाटात पडून असतील. कोपऱ्यात कोणा मास्तरांची पुसट सही असेल, नसेलही. आपल्या वृद्धांपैकी कोणी एके काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात वाजविले असेल. त्यांच्यापाशी बसावे, गाणे लावावे, आणि कोणते वाद्य कोणाचे हे विचारून वहीत नाव लिहून ठेवावे. शिवथरच्या घळीत कल्याणांना जी जागा मिळाली, तेवढी जागा या मंडळींना आपल्या वहीत तरी मिळावी.