आवरणाचा रंग : देशिकाचारींचा ‘सायनोफायटा’ पुन्हा वाचताना

पनवेलमधल्या जुन्या इमारतींचे कठडे दोनचार पावसाळ्यांत काळे पडतात. रंगारी त्याला बुरशी म्हणतात. थोडी बुरशी असतेही. पण आमच्या गच्चीवरचा थर खरवडून, भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा दिसले ते मुख्यतः नीलहरित शैवालाचे तंतू. जोडीने फुटलेल्या खोट्या फांद्यांवरून ‘सायटोनेमा’ ही प्रजाती लगेच ओळखू आली. उन्हातल्या तंतूंचे आवरण काढ्यासारखे तपकिरी, टाकीच्या सावलीतल्यांचे जवळजवळ रंगहीन.

जात ठरवायला टी. व्ही. देशिकाचारी यांचा ‘सायनोफायटा’ (१९५९) काढला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलेला हा साडेसहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ आपल्याकडे अजूनही पहिला उघडला जातो, आणि ते योग्यच आहे. माझी अडचण फक्त रंगाशी आहे. आवरण रंगहीन, पिवळे की तपकिरी, हे तिथे मोजमापांच्या पंक्तीला बसते, आणि वाचक त्यावर विसंबतो. त्या हिशेबाने माझ्या कठड्यावर चार हातांत दोन जाती झाल्या असत्या!

तो तपकिरी रंग सायटोनेमिनचा. नेगेली यांनी १८४९ मध्येच त्याची नोंद केली होती. पण तो तंतूची छत्री आहे हे गार्सिया-पिशेल आणि कॅस्टनहोल्झ यांनी दाखवले १९९१ मध्ये. अतिनील-अ किरण पडले की पेशी तो बनवून आवरणात साठवते, आणि ३७० नॅनोमीटरच्या आसपासचे बरेचसे किरण बाहेरच अडतात. म्हणजे रंगातून जातीइतकीच, कदाचित अधिक, जागा कळते. दुसरी छत्री तर ग्रंथात येणेच शक्य नव्हते. मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले ३१० ते ३६० नॅनोमीटरमधले किरण शोषतात, पण आपल्या डोळ्याला ती दिसत नाहीत.

१९५९ च्या लेखकाला याचा दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आपला. तळ्यातळ्यांच्या शैवालयाद्या आजही छापल्या जातात; त्यांत आवरणाचा रंग ग्रंथातून जसाच्या तसा उतरतो, नमुना उन्हातला की सावलीतला याचा उल्लेख क्वचित. अशा दोन याद्या मीही केल्या आहेत.

सावलीतला एक तुकडा तीन आठवडे उन्हात, ओला ठेवला. आवरण पिवळे पडू लागले आहे. डबीवर जातीचे नाव अजून लिहिलेले नाही. दिशा आणि उन्हाचे तास लिहिले आहेत.