विद्राव्यतेचे नियम आणि जिप्समची साक्ष

कोणती लवणे पाण्यात विरघळतात आणि कोणत्यांचा अवक्षेप होतो, हे सांगणारे नियम रसायनशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळतात. गुणात्मक विश्लेषणात त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. वाद आहे तो त्यांना ‘नियम’ म्हणण्याविषयी. मॅग्नेशियमपासून बेरियमपर्यंत सल्फेटांची विद्राव्यता घटत जाते, हायड्रॉक्साइडांची मात्र वाढत जाते. एकाच गणातील या उलट क्रमांची नोंद यादी करते. उलगडा करीत नाही. तो करावयाचा तर स्फटिकातील आयनांचे बंधन आणि त्यांचे जलीयन यांचा ताळेबंद मांडावा लागतो.

वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेला विद्राव्यता-गुणाकार याहून भक्कम आधार समजला जातो, आणि सिल्व्हर क्लोराइडच्या बाबतीत तो तसा ठरतोही. परंतु जिप्समची साक्ष निराळी आहे. २५ अंश सेल्सिअसला त्याचा गुणाकार सुमारे ०.००००३ आहे. त्याचे वर्गमूळ घेतल्यास विद्राव्यता लीटरास सुमारे ०.००५५ मोल येते. प्रत्यक्षात ती सुमारे ०.०१५ मोल, म्हणजे जवळजवळ तिप्पट भरते.

हा दोष सिद्धांताचा नव्हे, त्याच्या ढोबळ उपयोजनाचा होय. विरघळलेल्या जिप्समपैकी सुमारे एकतृतीयांश भाग सुट्या आयनांच्या नव्हे, तर कॅल्शियम व सल्फेट यांच्या जोड्यांच्या रूपात असतो. वर्गमूळाच्या गणितात त्यास स्थानच नाही. उरलेल्या आयनांची सक्रियता त्यांच्या संहतीच्या निम्म्याच्या आसपास असते. या दोन्ही गोष्टी हिशेबात घेतल्या की मेळ बसतो. त्यांची उपपत्ती डेबाय व ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये आणि ब्येरुम यांनी १९२६ मध्ये दिली. तरीही सरावाची उदाहरणे पुष्कळदा वर्गमूळापाशीच थांबतात.

यातून एक विसंगती निष्पन्न होते. अत्यल्पविद्राव्य लवणांविषयी यादीनेच निर्णय दिलेला असतो आणि तेथे सोपे गणित सहसा बरोबर येते. मध्यम विद्राव्य लवणांविषयी यादी संदिग्ध असते आणि नेमके तेथेच ते फसते. खाऱ्या पाण्याच्या शुद्धीकरणात पटलांवर जिप्समचा थर केव्हा बसेल, हा प्रश्न या दुसऱ्या वर्गातील आहे. म्हणून अध्यापनात सिल्व्हर क्लोराइडच्या शेजारी जिप्समचेही उदाहरण ठेवणे अगत्याचे आहे. पहिल्याने गणिताची रीत समजते. दुसऱ्याने तिची मर्यादा.