थपडेच्या अलीकडची आणि पलीकडची ललिता पवार

ललिता पवार यांच्याविषयी मराठीत जे काही छापून येते, त्यातला निम्मा मजकूर एका थपडेविषयी असतो. १९४२च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांनी प्रसंगाच्या गरजेनुसार त्यांना थप्पड मारली. ती जोरात बसली, डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला, दीर्घ उपचार घ्यावे लागले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. इथवर सगळे खरे आहे. पुढचे वाक्य मात्र ठरलेले असते : त्या थपडेने हिंदी पडद्याला एक नायिका गमवावी लागली आणि एक खाष्ट सासू मिळाली.

वाक्य आटोपशीर आहे, म्हणूनच ते टिकले. पण त्याचा अर्थ नीट लावला तर असा निघतो, की या बाईंचे पुढचे अर्धशतकाहून अधिक काळाचे काम हे एका अपघाताचे फळ होते. भगवानदादांचा हात, फुटलेली शीर आणि बारीक झालेला डोळा, एवढ्यांनी मिळून अभिनय केला. बाई फक्त तिथे उभ्या होत्या. हे मला पटत नाही. आणि ज्यांनी ‘अनाडी’ मन लावून पाहिला आहे त्यांनाही पटू नये.

आधी एक साधा हिशेब करू. दुर्गा खोटे आणि लीला चिटणीस यांना कोणी थप्पड मारली नव्हती. तरी लीलाबाई १९४८च्या ‘शहीद’मध्ये आणि १९५१च्या ‘आवारा’मध्ये नायकाच्या आई झाल्या, आणि दुर्गाबाई १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये जोधाबाई. दोघीही आपापल्या काळातल्या पहिल्या रांगेतल्या नायिका. उलट बाजूने पाहा. १९११ साली जन्मलेले अशोककुमार १९५८च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये मधुबालाचे नायक होते. ललिताबाईंचा जन्म १९१६चा, म्हणजे त्या अशोककुमारांपेक्षा पाच वर्षांनी लहान. पण १९५२च्या ‘दाग’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या होत्या, आणि दिलीपकुमार त्यांच्यापेक्षा अवघ्या सहा वर्षांनी लहान! तेव्हा नायिकेची आई करण्याचे काम थपडेने नाही केले. ते त्या धंद्याने केले, आणि तो सगळ्याच बायकांना तसे करत होता. थपडेमुळे ललिताबाईंच्या बाबतीत ते काही वर्षे आधी घडले, इतकेच. दोष द्यायचाच तर तो कोणाला द्यायचा, हे या कहाणीमुळे सोयीस्करपणे झाकले जाते. बिचारे भगवानदादा जन्मभर त्या एका चुकीचे धनी राहिले.

आता अलीकडची बाजू. येवल्याच्या रेशमी-सुती कापडाच्या व्यापाऱ्याच्या, लक्ष्मणराव सगुण यांच्या घरी जन्मलेली अंबा पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत लहानपणीच कामाला लागली. मूकपटांचे दिवस होते. विशीच्या आत ती नायिका झाली. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या दोन नोंदी आहेत. १९३२च्या ‘कैलास’ या मूकपटात भूमिका करून शिवाय ती त्याची सहनिर्माती होती. आणि १९३८ साली तिने ‘दुनिया क्या है’ हा बोलपट काढला, तो टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर. फसवल्या गेलेल्या मोलकरणीची आणि तिच्यावरच्या खटल्याची ती गोष्ट. बावीस वर्षांच्या मुलीने निर्माती म्हणून एवढ्या कथांतून नेमकी ही निवडावी, हे सहज घडत नाही. शृंगारिक नायिकेची सुरक्षित वाट सोडून अवघड बाईची भूमिका हवीशी वाटणे, ही ओढ थपडेच्या चार वर्षे आधीपासून तिच्यात होती. चरित्रभूमिकांची नटी १९४२ साली जन्मली नाही. ती आधीपासून तयार होत होती.

पलीकडची पहिली मोठी खूण आमच्या सातारा जिल्ह्याशी नाते सांगणारी आहे. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांवर प्रभातने १९४४ साली ‘रामशास्त्री’ काढला. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून मराठी माणसाच्या मनात आनंदीबाईचा निकाल आधीच लागलेला असतो. नटीला त्यात करण्यासारखे उरते काय? ललिताबाईंनी तिला डोके दिले. ही बाई द्वेषाने पेटलेली नाही, ती हिशेब करते आहे, हे त्यांच्या संथ बोलण्यातून कळते. राघोबाचा उतावळेपणा आणि हिचा थंडपणा शेजारी शेजारी ठेवले की राज्य कोणाला चालवता आले असते, असा एक नको असलेला प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येऊन जातो. शास्त्रीबुवांच्या न्यायाला वजन येते ते समोरचा आरोपी असा तोलाचा आहे म्हणून.

शांतारामबापूंच्या ‘दहेज’पासून (१९५०) पडद्यावरच्या सासूचा साचा पक्का झाला. तो इतका, की उंब्रजला आमच्या आळीत एखाद्या म्हातारीचे नाव न घेता नुसते “ललिता पवार आली बरं का” म्हटले की हातातली कामे सोडून सगळ्या सुना गप्प बसत. पालीच्या यात्रेतल्या तंबूत पाहिलेल्या सिनेमांनी ही भाषा घराघरांत पोचवली होती. मी लहानपणी हे ऐकत होते तेव्हा त्यात गंमत वाटे. पुढे लक्षात आले, की या टोपणनावात एक सोयही होती. सासू अशी का वागते, तिला घरात कशावर हक्क आहे आणि कशावर नाही, मुलगा दुरावला तर तिच्या हाती काय उरते, हे काही विचारावे लागत नसे. तो सासूचा स्वभाव, म्हणजे ललिता पवारचा स्वभाव, झाले! बाईंच्या सरसकट सगळ्या सासवा मला थोर वाटतात असे नाही. पैसे मिळतात म्हणून केलेल्या, एकाच सुरात ओरडलेल्या पुष्कळ आहेत, आणि त्या मोजत बसण्यात अर्थ नाही.

पण ज्या ठिकाणी पटकथेने एवढीशी फट ठेवली, त्या ठिकाणी ही नटी काय करते ते पाहण्यासारखे आहे. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या सीतादेवी होतात : पुरुषांवर अविश्वास असलेली, घटस्फोटाच्या कायद्याच्या बाजूने बोलणारी आत्या. हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षीचा हा सिनेमा. त्याला सीतादेवीची टिंगल करायची आहे आणि शेवटी तिच्या भाचीला संसारात बसवायचे आहे. गुरुदत्तबद्दल मला कितीही आदर असला तरी या सिनेमाची भूमिका मागासच म्हणावी लागेल. मौज अशी, की वादात सीतादेवी हरते, पण ती विदूषक होत नाही. ललिताबाई तिचे म्हणणे तिच्या बाजूने बोलतात. आपण म्हणतो ते खरे आहे असे मानणारी बाई जशी बोलेल, तशी.

सात वर्षांनी लेख टंडनच्या ‘प्रोफेसर’मध्ये त्या पुन्हा सीतादेवीच आहेत. (या नावाची हिंदी सिनेमाला भारी हौस.) भाच्या-भाच्यांना कडक शिस्तीत वाढवणारी पालक बाई. शिकवायला वयस्क मास्तर हवा अशी तिची अट, म्हणून शम्मी कपूर पांढरी दाढी लावून येतो. आणि ही करारी बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. थिएटरात लोक इथे पोट धरून हसत. उतारवयातल्या बाईचे प्रेम म्हणजे हसण्याचीच गोष्ट, हे पटकथेने गृहीत धरले आहे, प्रेक्षकानेही. बाईंचे वय तेव्हा सेहेचाळीस होते. त्यांनी काय केले? त्या लाजल्या, नटल्या, पण डोळा मिचकावून प्रेक्षकाला सामील करून घेतले नाही. “बघा, मी कशी वेडी झालेय” असा इशारा कुठेही नाही. त्या खरोखरच प्रेमात पडल्या. आजवर कोणी आपल्याशी आदराने चार शब्द बोलले नव्हते, आता कोणी बोलतो आहे, हे त्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत जाते. त्यामुळे दाढीचे सोंग उघडे पडते तेव्हा विनोदी सिनेमाला न झेपणारे काहीतरी समोर उभे राहते. फसवले तर हिला आहे, आणि आपण इतका वेळ हसत होतो. हिंदी सिनेमात प्रौढ बाईच्या एकटेपणाकडे एवढ्या सरळ नजरेने पाहिलेले त्या काळात फारसे सापडत नाही, आणि ते पाहिले गेले ते एका फार्समध्ये.

बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’कडे (१९५९) जरा थांबून पाहायला हवे. सुबोध घोष यांची बंगाली कथा, बंगाली दिग्दर्शक, बंगाली घर. आणि त्यातल्या चार प्रमुख स्त्रिया? नूतन समर्थ, सोलापूरच्या शशिकला जवळकर, खडकलाटच्या सुलोचना लाटकर आणि येवल्याच्या ललिता पवार. चौघीही मराठी. कोणी यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा. सुलोचनाबाईंची चारू अस्पृश्य मुलीला घरात वाढवते, पण ‘मुलगी’ न म्हणता ‘मुलीसारखी’ म्हणते. ललिताबाईंच्या बुवाजी उघड विटाळ मानतात. दोन ठरलेल्या प्रतिमा समोरासमोर आहेत, प्रेमळ आई आणि कर्मठ म्हातारी, आणि बिमलदांनी त्यांचाच उपयोग करून घेतला आहे. बुवाजीचा जातीचा अहंकार सगळ्यांना दिसतो, त्याच्याशी भांडता येते. चारूचा मवाळ आहे, मायेत गुंडाळलेला, आणि सुजाताला अधिक लागतो तो हाच. हा फरक उमटण्यासाठी बुवाजी खलनायिका होऊन चालणार नव्हते. ललिताबाई ती रूढी इतक्या स्वाभाविकपणे वागवतात की ती आपल्या ओळखीची वाटते. शिवाशीव पाळणाऱ्या, आणि एरवी नातवंडांवर जीव टाकणाऱ्या आज्या आमच्याकडे कोणी पाहिल्या नाहीत?

त्याच वर्षीचा ‘अनाडी’. हृषीकेश मुखर्जींनी त्यांना मिसेस डिसा केले : तोंडाने फटकळ, भाड्यासाठी ओरडणारी, आणि भाडेकरूला उपाशी न झोपू देणारी ख्रिस्ती घरमालकीण. ‘श्री ४२०’मधल्या केळेवाल्या गंगामाईत याची सुरुवात झालेलीच होती, तिथेही समोर राज कपूर, बाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान. ओरडणे आणि माया या दोन गोष्टी इतर नट्या आळीपाळीने दाखवतात. ललिताबाई एकाच वाक्यात दाखवतात. शिवी देताना आवाज चढतो, पण हात ताट पुढे सरकवत असतो. आणि इथे तो डावा डोळा! तो त्यांनी कधी कॅमेऱ्यापासून चोरला नाही. बारीक झालेल्या डोळ्याने माणूस संशयाने पाहतो आहे असे वाटते. मिसेस डिसा नेमकी त्याच डोळ्याने पाहते आणि ते पाहणे काळजीचे असते. नायक ज्या कंपनीत नोकरी करतो तिच्याच सदोष औषधाने ती मरते, तेव्हा सिनेमाचा आधार निघून जातो. या भूमिकेला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, १९६१मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मानही आला. बारा वर्षांनी ‘आनंद’मध्ये हृषीदांनी त्यांना रुग्णालयाची मेट्रन केले आणि आडनाव ठेवले डिसा. दिग्दर्शकाने नटीला दिलेली ही दाद पारितोषिकापेक्षा मोठी आहे.

१९८७मध्ये रामानंद सागरांच्या ‘रामायण’मधली मंथरा त्यांनी केली, तेव्हा त्या सत्तरीत होत्या. रविवारी सकाळी आमच्या आळीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे सगळी आळी जमे. मंथरा आली की बायका बोटे मोडत. नवीन पिढीला त्या एवढ्याच माहीत झाल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला घरी एकट्या असताना त्या गेल्या. पती आजारपणामुळे रुग्णालयात होते आणि मृत्यूची खबर लागायला काही दिवस गेले. काही लेखांत यावरही पडद्यावरच्या पापाचे फळ असा सूर लावलेला आढळतो. त्याला उत्तर देण्याची गरज नाही.

अडचण वेगळी आहे. मूकपटांची बहुतेक रिळे जळाली, कुजली किंवा चांदीसाठी वितळवली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. जवळपास सत्तर वर्षांच्या या कारकिर्दीतली पहिली चौदा वर्षे, म्हणजे थपडेच्या अलीकडचा जवळजवळ सगळा काळ, आज आपल्यापुढे आहे तो जाहिराती, छायाचित्रे आणि नामावळ्यांच्या रूपात. कहाणी थपडेपासून सुरू होते, कारण पाहता येण्यासारखे सिनेमेही मुख्यतः तिथूनच सुरू होतात.