तोट्यातील विक्री आणि नफ्याचे गणित : व्हिडिओ गेम कन्सोल उद्योगाची चिकित्सा

प्रस्तावना :
वस्तूची विक्री किंमत तिच्या उत्पादन खर्चापेक्षा अधिक असावी, हा वाणिज्य शाखेतील पहिला धडा होय. व्हिडिओ गेम कन्सोलचा उद्योग या नियमाला अपवाद समजला जातो. कन्सोल तोट्यात विकावा व तो तोटा गेमच्या विक्रीतून भरून काढावा, हे धोरण दाढीचे यंत्र आणि पाते यांच्या उदाहरणाच्या आधारे यशाचे सूत्र म्हणून शिकविले जाते. हे सूत्र कितपत खरे आहे, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

मुळात हे उदाहरणच तपासून घ्यावे लागते. १९०४ ते १९२१ या पेटंटच्या काळात जिलेटचे यंत्र पाच डॉलरला, म्हणजे महागच विकले जात होते. ते स्वस्त झाले पेटंट संपल्यानंतर.

विवेचन :
कन्सोलसाठी गेम तयार करणाऱ्यास कन्सोल कंपनीची परवानगी घ्यावी लागते आणि विकल्या गेलेल्या गेममागे तिला स्वामित्वशुल्क द्यावे लागते. डिजिटल विक्रीत हा वाटा सामान्यतः ३० टक्के असतो. त्यामुळे कन्सोलवरील तोटा म्हणजे वस्तुतः पुढे ढकललेली किंमत होय. ती गेम घेणारा ग्राहक आणि गेम तयार करणारा निर्माता हे दोघे मिळून चुकवितात. १९९३ मधील थ्रीडीओ या कन्सोलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचे उत्पादन परवाना घेतलेल्या अन्य कंपन्या करीत होत्या. गेमवरील शुल्क त्यांच्या हाती नसल्याने यंत्रावरच नफा घेणे त्यांना भाग होते, आणि किंमत ६९९ डॉलरवर गेली.

मात्र गेमवरील हक्क असूनही नफा आपोआप येत नाही. सोनीचा प्लेस्टेशन-३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ४९९ व ५९९ डॉलरला आला. आयसप्लाय या संशोधन संस्थेने त्याचा उत्पादन खर्च अनुक्रमे सुमारे ८०६ व ८४० डॉलर असल्याचा अंदाज वर्तविला होता. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनहून अधिक तोटा झाला. या कन्सोलमुळे ब्लू-रे तबकडीचा प्रसार झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने स्पर्धक एचडी डीव्हीडी सोडून दिली, हा युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु तो लाभ गेमच्या विक्रीचा नव्हे. उलट, अमेरिकी हवाई दलाने २०१० मध्ये सुमारे १,७०० प्लेस्टेशन-३ जोडून महासंगणक उभारला. गेम न घेणारा असा ग्राहक या गणितात बसतच नाही.

याच सुमारास निन्टेन्डोने वी हा कन्सोल २५० डॉलरला, तोही आरंभापासून नफ्यात विकला. त्याची विक्री १० कोटींवर गेली. प्लेस्टेशन-३ मात्र नऊ कोटींच्या आतच राहिला. याउलट, सेगाने ड्रीमकास्टची किंमत १९९ डॉलरवरून उतरवीत नेली. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या निर्मात्याने त्यासाठी गेमच दिले नाहीत. २००१ मध्ये सेगाला कन्सोल निर्मिती सोडावी लागली. यंत्र स्वस्त असले, तरी गेमविना तो तोटा भरून निघत नाही.

उत्पादन खर्च काळानुरूप घटतो, हे या धोरणामागील दुसरे गृहीतक. ४९९ डॉलरचा प्लेस्टेशन-५ आता तोट्यात विकला जात नसल्याचे सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. परंतु वर्षभरातच, ऑगस्ट २०२२ मध्ये, तिने अनेक देशांत त्याची किंमत वाढविली. म्हणजे हे गृहीतकही आता निर्विवाद राहिलेले नाही.

निष्कर्ष :
तोट्यातील विक्री हे नफ्याचे कारण नसून ती एक उधारी आहे. गेमवरील शुल्काचा हक्क, प्रत्येक कन्सोलमागे पुरेशी गेमखरेदी आणि घटता उत्पादन खर्च या तीन अटी पूर्ण झाल्या तरच ती वसूल होते. यशस्वी कंपन्यांचीच उदाहरणे देऊन हे धोरण शिकविल्यास सेगासारखी बुडालेली उधारी विद्यार्थ्यांच्या नजरेआड राहते. शिवाय स्वस्त कन्सोलची किंमत अखेर कोण चुकवितो, हा प्रश्नही अनुत्तरित राहतो. अध्यापनात या दोन्ही बाबींना स्थान मिळणे अगत्याचे आहे.